मदत हवी आहे: मगरीचं मांस तळल्यावर चिवट होतंय

आम्ही सध्या अमेरिकेत, लुइझियानात, बॅटन रूजला राहतो. इथे अ‍ॅलिगेटर (मगरीच्या जातीचा प्राणी) तळून खाणं म्हणजे आपल्याकडच्या भज्यांइतकं नेहमीचं. कॅथलिक ख्रिश्चनांच्या उपवासातही चालतं, कारण त्यात मांस वर्ज्य असलं तरी मासे चालतात. 2010 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपनी (तिथल्या कॅथलिक चर्चच्या प्रमुखांनी) ते माशांतच धरलं होतं! (आपला साबुदाणा आठवला.)

गेल्या रविवारी शेपटीचं गोठवलेलं मांस आणलं, अर्धा किलो. फ्रीजमध्ये रात्रभर सुटू दिलं, इंचभर तुकडे केले, तासभर ताकात बुडवले. मग मक्याचं पीठ, थोडा मैदा, लाल तिखट, मीठ लावून तळलं. वरून मस्त कुरकुरीत, आतून मात्र रबर. शिवाय किंचित उग्र वास. पिवळसर चरबी काढायची असते हे शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं. वासाचं कारण बहुतेक तेच.

चिवटपणाचं काय? तेल 175 अंशांवर होतं, पण मी पाच-सहा मिनिटं तळलं. कच्चं राहायची भीती, दुसरं काय. दोन-तीन मिनिटं पुरतात का? आधी ठेचून घेऊ की ताकात रात्रभर ठेवू? आणि कोळंबीसारखं आलं-लसूण, हळद लावून रव्यात कुणी तळलंय का? शनिवारी पाहुणे आहेत, लवकर सांगा.