लेट्रोझोलमुळे होणारी सांधेदुखी आणि अ‍ॅक्युपंक्चर

प्रश्न (धंतोली, नागपूर): आईची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून, लेट्रोझोल (कर्करोग परतू नये म्हणून इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी करणारी गोळी) सुरू झाल्यापासून सकाळी तिची बोटे इतकी आखडतात की कपही धरवत नाही. अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग होईल का?

उत्तर: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२६ स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत सहा आठवडे आठवड्यातून दोनदा आणि पुढे सहा आठवडे एकदा सुया दिल्यावर अशाच वेदना तुलनेसाठी दिलेल्या लुटुपुटीच्या उपचारापेक्षा अधिक कमी झाल्या; फरक मात्र माफक होता. गोळी परस्पर बंद करू नका, ही कळकळीची विनंती.

उत्तर: काखेतील लसिका गाठी काढल्या असतील, तर त्या हाताला सुया टोचू देऊ नयेत, निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांचा आग्रह धरावा.

प्रश्नकर्ती: काकू, डावीकडच्या काढल्या आहेत. सोमवारी डॉक्टरांना विचारते.