‘मद्यपानाची सामाजिक भूमिका’ की ‘स्थान’?

पानवाचक: मद्यधोरणावरच्या अहवालात ‘सोशल अँड कल्चरल रोल ऑफ ड्रिंकिंग’ला ‘मद्यपानाची सामाजिक-सांस्कृतिक भूमिका’ लिहिलं होतं. संपादकांनी ‘भूमिका’ खोडून ‘स्थान’ केलं. मला ते पटत नाही.

काना_मात्रा: संपादकांचं बरोबर आहे. त्याच अहवालात ‘आरोग्य खात्याची भूमिका’, ‘उत्पादकांची भूमिका’ येणार आणि तिथे अर्थ ‘मत’ असा आहे. धोरणाच्या वादात हा शब्द दोन अर्थांनी चालवला की वाचक अडखळतोच. पण ‘स्थान’ही अपुरं आहे. पाहुण्याचं स्वागत, सौदा पक्का करणं, दुःखात सोबत ही सगळी पिण्याने साधली जाणारी कामं. ‘स्थान’ म्हटलं की मान दिसतो, काम दिसत नाही. ‘पिण्यातून समाजात काय साधलं जातं’ असं सरळ लिहा.

बोलीभाषी: आणि ‘सोशल ड्रिंकिंग’? ‘सामाजिक मद्यपान’ नको, ते समाजकार्यासारखं वाटतं. आपल्याकडे ‘घेतो’ आणि ‘पितो’ हा फरक आहेच. ‘कधीमधी घेतो’ म्हणजे चारचौघांत. ‘पितो’ म्हणजे सवय.

शुद्धपक्ष: ‘घेतो’ शासकीय मजकुरात चालणार नाही. ‘प्रासंगिक मद्यपान’ लिहा.

काना_मात्रा: ‘प्रासंगिक’ अजिबात नको! ‘हेवी एपिसोडिक ड्रिंकिंग’लाही लोक ‘प्रासंगिक’च लावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत त्याचा अर्थ गेल्या ३० दिवसांत निदान एकदा, एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त शुद्ध अल्कोहोल. हिशेब असा: मिलिलिटर × अल्कोहोलचे टक्के ÷ १०० × ०.७८९ (अल्कोहोलची घनता). म्हणजे ५ टक्क्यांची ३३० मिली बिअर १३ ग्रॅम, आणि ६० ग्रॅमला सुमारे दीड लिटर. महिन्यातून एकदाच, मित्रांसोबत, इतकं घेणारा ‘प्रासंगिक’ म्हणून सुटला तर ज्याच्यासाठी इशारा लिहिलाय तोच तो वाचणार नाही. तिथे ‘एका बैठकीतलं अतिपान’ लिहा.

शुद्धपक्ष: मान्य. पण अहवालभर ‘दारू’ आहे, ती तरी काढा. ‘मद्य’ हवं.

बोलीभाषी: का काढायची? ‘दारू’ फारसीतून आली, तिथे अर्थ औषध. ‘दवादारू’त तो अजून जिवंत आहे. लोकांना ‘दारूबंदी’ कळते, ‘मद्यनिषेध’ पाटीवरच राहतो.

शुद्धपक्ष: ‘दारू’ म्हटलं की बिअर-वाइन घेणारा म्हणतो, हे माझ्याबद्दल नाही. ‘मद्य’मध्ये तिन्ही येतात.

बोलीभाषी: ‘मद्यपी’ म्हटल्यावरही तो तेच म्हणतो.

पानवाचक: मग ‘भूमिका’चं काय करू?