दारावर वारंवार पैसे मागायला येणाऱ्या अनोळखी लोकांचं काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार,

माझे आईबाबा दोघेच राहतात, दोघांचीही सत्तरी उलटली आहे. हल्ली त्यांच्याकडे आजारी मुलांच्या उपचारांसाठी देणगी मागायला दोन माणसं येतात. गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक. पहिल्या खेपेला बाबांनी थोडे पैसे दिले. पुढच्या वेळी त्यांनी बरेच जास्त मागितले. पावतीवर नाव लिहून घेतल्यामुळे आता बाबांना नावानिशी हाक मारतात.

मला पैशांपेक्षा वेगळीच धास्ती आहे. एकजण बोलत असताना दुसरा आत डोकावतो, आईकडे पाणी मागतो, "घरी अजून कोण कोण असतं?" असं विचारतो. एकाने बोलण्यात गुंतवायचं आणि दुसऱ्याने आत शिरायचं, ही म्हाताऱ्या माणसांच्या घरी चोरी करण्याची जुनी रीत आहे. हे दोघे तसेच असतील असं मी म्हणत नाही, पण घरी कोण असतं याच्याशी देणगीचा संबंध काय?

पावतीवरच्या नंबरवर फोन केला तर "हो, आमचीच माणसं" असं उत्तर मिळालं. पण पावती ज्यांनी छापली, नंबरही त्यांनीच दिलेला! नोंदणी क्रमांक आहे, तोही कुणीही छापू शकतं. संस्थेचं नाव एका नावाजलेल्या संस्थेशी मिळतंजुळतं आहे, म्हणून त्या संस्थेचा पत्ता स्वतः शोधून तिथे विचारणा केली आहे. उत्तर यायचंय.

बाबांना नाही म्हणता येत नाही, ही खरी अडचण. छोटी विनंती मान्य केलेला माणूस पुढची मोठी विनंतीही मान्य करण्याची शक्यता वाढते, हे फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगातून दाखवलं होतं. बाबांचं अगदी तेच होतंय. दाराला साखळी बसवली, पण दार किलकिलं ठेवून बोलणं म्हणजे समोरच्याचा अपमान, असं ते म्हणतात. त्यांचा हा चांगुलपणा मला मोडायचा नाहीये.

कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा: वाद न घालता, दार न उघडता बाबांना सहज म्हणता येईल असं एखादं वाक्य कोणतं? अजून चोरी झालेली नसताना पोलीस दखल घेतात का, आणि तक्रारीसोबत पावतीचा फोटो पुरेसा होतो का? शेजाऱ्यांना सांगितलंय, पण दुपारी त्यांच्याकडेही कुणी नसतं, आणि ही माणसं नेमकी दुपारीच येतात.