मदत हवी आहे: सांगलीच्या घरची केबल ठेवावी की तोडावी?

प्रश्न (धागाकर्ता: कृष्णाकाठ)

सांगलीला आई-बाबा असतात. घरात दोन टीव्ही, दोन्हींना केबल, महिन्याला ६१६ रुपये. पावती अशी: नेटवर्क कपॅसिटी फी १३०, दुसऱ्या टीव्हीची ५२, पॅक १७० प्रत्येकी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. आई रोज संध्याकाळी स्टार प्रवाह आणि झी मराठी बघते. बाबांना बातम्या आणि क्रिकेट. हॉलमधला टीव्ही साधा (एचडीएमआय आहे), बेडरूममधला स्मार्ट. ब्रॉडबँड ४० एमबीपीएस आधीपासून आहे. केबलवाले म्हणतात, सुटे चॅनल मिळत नाहीत, पॅकच घ्या. सगळं एकदम बंद केलं आणि आईची मालिका बुडाली तर घरात वाद होईल. जाणकारांनी सांगावं.

हिशेबी

पूर्ण तोडू नका, पण ६१६ ही देऊ नका. पावतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आधी सुट्या करून बघा.

पहिली नेटवर्क फी. एकही पैसेवाला चॅनल घेतला नाही तरी ती द्यावी लागते, फुकटचे चॅनल तिच्यातच येतात. १३० आणि दुसऱ्या टीव्हीला त्याच्या ४० टक्के म्हणजे ५२, ही ट्रायने (केबल-फोन सेवांची सरकारी नियामक संस्था) घातलेली जुनी कमाल मर्यादा. जुलै २०२४ पासून ती मर्यादा उठली, म्हणून ही रक्कम आता कंपनीगणिक बदलू शकते. म्हणजेच घासाघीस करायला जागा आहे. शेजारच्या गल्लीत दुसरी केबल असेल तर तिचा दर विचाराच.

दुसरी चॅनलची किंमत. सेट टॉप बॉक्सवर चॅनल लावून माहितीचं बटण दाबा, महिन्याचा दर दिसतो. १९ रुपयांपेक्षा महाग चॅनल कोणत्याही पॅकमध्ये घालता येत नाही, त्यामुळे पॅकमधला प्रत्येक चॅनल फार तर १९ चा. आईसाठी चार मराठी चॅनल सुटे घेतले आणि सगळे १९ चेच धरले तरी ७६. त्यात १३० मिळवले की २०६, जीएसटीसह २४३ रुपये ८ पैसे. बेडरूमचा बॉक्स परत केला तर महिन्याला जवळपास ३७३ वाचतात, वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास.

एक मेख आहे. सुटं नेहमी स्वस्त पडतंच असं नाही. पॅकवर चॅनलच्या एकूण किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. एकाच समूहाचे (म्हणजे एकाच प्रसारण कंपनीचे) तीन-चार चॅनल हवे असतील तर त्या समूहाचा छोटा मराठी पॅक बघा. एकच हवा असेल तर सुटाच घ्या. तुमच्या १७० च्या पॅकमध्ये कोणी न बघणारे हिंदी चॅनल किती आहेत ते मोजा, उत्तर तिथेच मिळेल.

आणि 'सुटं मिळत नाही' हे चूक आहे. प्रत्येक चॅनल सुटा देणं बंधनकारक आहे. गल्लीतल्या केबलवाल्याशी वाद घालत बसू नका. पावतीवर मुख्य कंपनीचा टोल फ्री नंबर असतो, तिथे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर त्यांच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे कंपनीतल्या वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे लिहिण्यात वेळ घालवू नका.

छत्रीवाला

दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची डीडी फ्री डिश (छतावरच्या छत्रीवर फुकट चॅनल देणारी सेवा) हीसुद्धा धरा. महिन्याचा खर्च शून्य. डिश, एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स आणि वायर एवढाच एकदाचा खर्च. पण आईचा प्रश्न त्याने सुटणार नाही: सह्याद्री नक्की मिळतं, खासगी मराठी चॅनल मात्र फ्री डिशवरच्या जागांच्या लिलावावर अवलंबून, आज असलेला उद्या गायब होतो. मोठ्या मराठी मालिकांसाठी तिच्यावर विसंबू नका.

बाबांच्या क्रिकेटसाठी मात्र उपयोगी. भारताच्या पुरुष संघाचे मायदेशातले वनडे आणि टी-ट्वेंटी सामने डीडी स्पोर्ट्सवर येतात. केबलवरच्या डीडीवर तेच सामने दिसत नाहीत, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार ते प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावरच दाखवता येतं. आयपीएल यात येत नाही.

घेतलीत तर बॉक्स एमपेग-४ चाच (चित्र उलगडण्याची नवी पद्धत) घ्या. जुने एमपेग-२ स्वस्तात गळ्यात मारतात, त्यावर बरेच चॅनल उमटतच नाहीत. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. सांगलीतून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास वर. फक्त पश्चिमेची गॅलरी असेल तर विषय संपला. बॉक्सच्या मेनूत एलएनबी ९७५०/१०६०० ठेवा. जोराच्या पावसात चित्र फुटतं, तो बिघाड नाही, केयू बँडचा (छोट्या डिशसाठी वापरतात त्या लहरींचा) स्वभाव आहे. कोरड्या दिवशीही फुटत असेल तर एलएनबीला वायर जोडतात त्या एफ कनेक्टरमध्ये पाणी गेलंय का बघा. वायरला खाली एक वळण ठेवून मग वर न्यायची, म्हणजे पाणी वळणावरच गळून जातं.

कृष्णाकाठ

धन्यवाद! मग बेडरूममध्ये बाबांसाठी ब्रॉडबँडवर काय करता येईल? आणि हॉलमध्येही स्टिक (एचडीएमआयला लावून साध्या टीव्हीवर अॅप चालवणारं छोटं यंत्र) लावून केबल पूर्ण काढली तर?

वायफाय

बातम्यांना पैसे लागत नाहीत. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी यांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असतं. दूरदर्शनचे चॅनल प्रसार भारतीच्या वेव्हज अॅपवर मिळतात.

हॉलसाठी माझं मत: स्टिक आत्ता नको. झी मराठी झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. म्हणजे तीन अॅप, तीन पासवर्ड, तीन वर्गण्या. वर्गणीची मुदत संपली की ऐन मालिकेच्या वेळी पडद्यावर पैसे मागणारी पाटी येते, आणि ओटीपी कुणाच्या फोनवर जातो ते आईंना शोधत बसावं लागतं. रिमोटवर नंबर दाबला की चॅनल लागतो, ही सोय अडीचशे रुपयांत वाईट नाही.

डेटाची काळजी करू नका. एचडीला तासाला दोन ते तीन जीबी धरा, रोज पाच तास बघितलं तरी महिन्याला ४५० जीबीच्या आत. ब्रॉडबँडला सहसा ३३०० जीबीची मर्यादा असते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मात्र हे जमणार नाही, रोजचे दोन जीबी तासाभरात उडतील. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, नाहीतर इन्व्हर्टरवर टीव्ही चालू राहतो आणि राउटर बंद पडतो. क्रिकेट अॅपवर काही सेकंद उशिरा दिसतं, शेजारचा आरडाओरडा आधी ऐकू येईल. बाबांना तसं चालत नसेल तर आयपीएलच्या महिन्यांपुरता एक स्पोर्ट्स चॅनल हॉलच्या बॉक्सवर सुटा घ्या आणि नंतर काढा.

हिशेबी

क्रम सांगतो. चालू रिचार्ज संपायच्या तीन-चार दिवस आधी कळवा, मधेच बदललात तर उरलेल्या दिवसांच्या पैशांवरून घोळ होतो. आधी हॉलच्या बॉक्सवर सुटे चॅनल चालू झाल्याची खात्री करा, मग जुना पॅक काढायला सांगा. दोन दिवस आईंना संध्याकाळी बघू द्या. त्यानंतरच बेडरूमचा बॉक्स परत द्या. तो भाड्याने किंवा अनामत भरून घेतलेला असेल तर बॉक्सवरचा व्हीसी क्रमांक (बॉक्सच्या कार्डाचा ओळख क्रमांक) लिहून परतीची पोच घ्या. पोच नसली की पुढच्या महिन्याच्या पावतीत ५२ रुपये पुन्हा येतात.