अभ्यासिकेत पॅनिक अ‍ॅटॅक आला तर पहिली दहा मिनिटं नेमकं काय करायचं?

विश्रामबाग_अभ्यासिका:
सांगलीत विश्रामबागला ८० खुर्च्यांची अभ्यासिका आहे. राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती, सगळी मुलंमुली येतात. त्यातल्या दोघांना बसल्या जागी एकदम छातीत धडधड, दरदरून घाम, हात वाकडे, "मला काहीतरी होतंय, मी जातोय" असं सुरू होतं. मुलाचा ईसीजी नॉर्मल आलाय, डॉक्टरांनी पॅनिक अ‍ॅटॅक म्हणून लिहून दिलंय. मुलीला अजून कुठे दाखवलेलं नाही. असं झालं की अख्खा हॉल गोळा होतो. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी तळपाय चोळतं, कुणी तोंडाला कागदी पिशवी लावतं. शेवटी गाडीवर बसवून घरी सोडतात. तो मुलगा आता दाराजवळचीच खुर्ची मागतो आणि सराव पेपरला येत नाही.
त्या वेळी काय करायचं, हार्टचं नाही हे कसं ओळखायचं, घरी पाठवायचं का, आणि उपचार कुठे, किती दिवस? कृपया नीट सांगा.

कॅज्युअल्टी_सिस्टर:
दादा, आधी ती पिशवी बंद करा. सोडलेली हवा परत आत घेतली की कार्बन डायऑक्साइड भरून येतो, हा त्यामागचा जुना विचार. पण समोरच्याला खरंच दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ऑक्सिजन कमी पडतो आणि जिवावर बेतू शकतं. अभ्यासिकेत बसून हा फरक तुम्हाला कळणार नाही.

हात वाकडे का होतात ते मुलांनाही समजावून सांगा, निम्मी घबराट तिथेच कमी होते. भीतीने श्वास भराभर चालतो, कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं आणि त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं. मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. पुढे पंजा आवळतो: बोटं सरळ, एकमेकींना चिकटलेली, अंगठा आत, चिमटीत रांगोळी धरावी तसा. बघणाऱ्याला फिट वाटते, पण मुलगा शुद्धीत असतो, बोलत असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्याही थोड्या आवळतात, म्हणून गरगरतं. श्वास पुरत नाही असं वाटत असतं, पण ऑक्सिमीटर लावला तर ९८-९९ दाखवतो. श्वास मंदावला की पंजा आपोआप सुटतो. ओढून सरळ करू नका, दुखतं.

त्या वेळी एकच माणूस जवळ थांबू द्या, बाकीच्यांना जागेवर बसवा. मुलाला खुर्चीतच बसवा, पाय जमिनीला टेकलेले. त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा आणि हळू आवाजात सांगा: "मी इथेच आहे. हे दहा मिनिटांच्या आत शिगेला जातं आणि मग उतरतं." "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे" हे ओरडणं. तो आधीच जास्त हवा आत घेतोय. श्वास सोडण्याकडे लक्ष वळवा: नाकाने ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. आकडे डोक्यात बसत नसतील तर श्वास सोडताना ओठ मिटून "म्म्म" असा लांबवायला सांगा, उच्छ्वास आपोआप लांबतो. तेही जमत नसेल तर सोडून द्या, नुसतं शेजारी बसा. बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत जोर ओसरतो. नंतर थकवा आणि डोकं जड राहणं स्वाभाविक आहे.

आता हार्टचं. चालताना, जिना चढताना येणारं आणि थांबल्यावर कमी होणारं छातीतलं दाबल्यासारखं दुखणं, ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जाणं, खरोखर शुद्ध हरपणं, ओठ निळे पडणं, श्वासात शिट्टी वाजणं, यातलं काहीही दिसलं तर १०८. चाळिशी ओलांडलेल्या, शुगर-बीपी असलेल्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या बाबतीत पॅनिक हा शब्द डॉक्टरांनीच काढायचा. अर्ध्या तासात काहीच उतार नसेल तरीही दवाखाना. पॅनिकमध्ये रक्तदाब वाढतो, त्यामुळे "मी पडणार" वाटलं तरी खरोखर बेशुद्ध पडणं क्वचितच. आणि अ‍ॅटॅक आयुष्यातला पहिलाच असेल तर वय काहीही असो, त्याच दिवशी ईसीजी. त्या मुलीचा तो राहिलाय, उद्यावर टाकू नका. थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि शुगर बघून घ्या. थायरॉइड वाढलेला असला तर चित्र हुबेहूब असंच दिसतं.

समुपदेशक_कृष्णाकाठ:
सिस्टरांनी पहिली दहा मिनिटं चोख सांगितली आहेत. फक्त ऑक्सिमीटर अभ्यासिकेत आणून ठेवू नका. चार दिवसांत मुलं दर तासाला बोट घालून बघायला लागतील, आणि आकडा बघितल्याशिवाय चैन पडेनासं होईल.

माझं म्हणणं तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. दुसरं काही धोक्याचं लक्षण नसेल तर घरी पाठवू नका. अ‍ॅटॅक कितीही भयंकर वाटला तरी तो स्वतः उतरणारच असतो. पण ऐन भरात मुलाला गाडीवर बसवलं की उतार नेमका वाटेत पडतो, आणि मेंदू शिकतो ते असं: "हॉलमध्ये धोका होता, बाहेर पडलो म्हणून वाचलो." पुढच्या वेळी हॉलच्या पायऱ्या चढतानाच धडधड सुरू होते. दाराजवळची खुर्ची, सतत पाण्याची बाटली, खिशात गोळी, सोबतीला मित्र हे सगळं त्याच जातीचं. त्याला वाटतं यामुळे आपण तगलो. खरं तर यांच्याशिवायही काही होत नाही हे कळायची संधीच त्याला मिळत नाही.

१९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी हे चक्र नेमकं मांडलं: शरीरात साधीशी हालचाल, तिचा "हार्ट अ‍ॅटॅक आलाय" असा अर्थ, त्याने भीती, भीतीने आणखी धडधड. विचार व वर्तन उपचारात, म्हणजे सीबीटीत, हे चक्र तोडतात. साधारण आठवड्याला एक बैठक, सात ते चौदा बैठका. त्यातला सगळ्यात उपयोगी आणि मुलांना सगळ्यात नकोसा भाग म्हणजे लक्षणं मुद्दाम आणणं: एक मिनिट भराभर श्वास, गोल फिरणाऱ्या खुर्चीत एक मिनिट गरगर, नाक धरून बारीक स्ट्रॉमधून एक-दोन मिनिटं श्वास, जिना दोनदा धावत. नंतर काहीही न करता लक्षण आपणहून विरेपर्यंत बसायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला "हे तेच आहे आणि यातून काही होत नाही" हे पटायला लागतं. पहिल्यांदा हे तज्ज्ञासमोरच करायचं. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

औषधपेटी:
गोळ्यांबद्दल, कारण अभ्यासिकांमध्ये त्या एकमेकांना दिल्या जातात. अल्प्राझोलम पंधरा-वीस मिनिटांत शांत करते, म्हणून ती जादू वाटते. पण महिनाभर रोज घेतली तरी शरीराला तिची सवय लागू शकते, एकदम बंद केली तर घबराट दुप्पट होऊन परत येते, आणि वाचलेलं लक्षात राहत नाही. परीक्षेच्या मुलाला याहून वाईट काय? दारूबरोबर तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. २०१४ पासून ती शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि दुकानदाराला रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते. मित्राच्या पाकिटातली गोळी या सगळ्याला बगल देते.

मुख्य औषध एसएसआरआय गटातलं, म्हणजे नैराश्यावर आणि घबराटीवर रोज घ्यायच्या गोळ्या. डॉक्टर एस्सिटालोप्राम बहुधा ५ मिलिग्रॅमने किंवा सर्ट्रालिन २५ ने सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. इतकं कमी का, तर पॅनिकच्या पेशंटला पहिल्या एक-दोन आठवड्यांत याच गोळीने बेचैनी आणि मळमळ वाढू शकते. नेमकी इथेच बरीच मुलं "सूट झाली नाही" म्हणून गोळी सोडतात. फरक चार ते सहा आठवड्यांनी दिसतो. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, नंतर आठवड्या-आठवड्याने उतरवतात. पंचविशीच्या आतल्या मुलांवर सुरुवातीला घरच्यांनी लक्ष ठेवावं. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. काही जण परीक्षेआधी प्रोप्रॅनोलॉल घेतात, ते हाताची थरथर कमी करतं, पॅनिक बरं करत नाही, आणि दमेकऱ्याला धोक्याचं आहे.

पोलीस भरतीच्या मुलांना एक विचारा: पळायच्या आधी प्री-वर्कआउट पावडर घेता का? कित्येक पावडरींच्या एका चमच्यात १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं. २५० मिलीच्या एनर्जी ड्रिंकमध्ये ७५ पर्यंत. त्यावर रात्री जागून चहा. पॅनिकची प्रवृत्ती असलेल्याला एवढं कॅफिन अ‍ॅटॅक आणायला पुरेसं आहे. आठवडाभरात कमी करत न्या, एकदम तोडलं तर डोकं दुखतं.

विश्रामबाग_अभ्यासिका:
खूप उपयोग झाला सगळ्यांचा. मुलीला आजच ईसीजीला पाठवतो. दोन गोष्टी राहिल्या. दाखवायचं कुठे? आणि घरी पाठवायचं नाही म्हणता, पण मुलगा "मला जाऊ द्या" म्हणून उठलाच तर?

समुपदेशक_कृष्णाकाठ:
मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून थेट जाता येतं. जाण्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेलि-मानस १४४१६, केंद्र सरकारची हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीत, मोफत.

उठला तर अडवू नका, हात धरू नका. कोंडल्याची भीती त्यात मिसळली की पुढचं अवघड होतं. बाहेर कट्ट्यावर किंवा जिन्यात बसवा, पण आवाराबाहेर नाही, आणि गाडीची किल्ली कुणी काढायची नाही. उतरलं की परत त्याच खुर्चीत, पाच मिनिटं का होईना. वाचलं नाही तरी चालेल, बसायचं.

दाराजवळची खुर्ची एकदम काढून घेऊ नका. त्याच्याशी बसून कागदावर पायऱ्या लिहा: दारापासून दुसरी रांग अर्धा तास, मग तिथेच दोन तास, मग मधली रांग, मग सराव पेपरचा पहिला तास, शेवटी पूर्ण पेपर. प्रत्येक पायरीआधी आणि नंतर भीतीला ० ते १० मध्ये गुण द्यायला सांगा. एकाच पायरीवर तो आकडा तीन-चार दिवसांत निम्म्यावर आला की पुढची. न उतरता वरची पायरी घेतली तर पेपर अर्धवट टाकून पळतो आणि पुन्हा दारापाशी येतो. तसं झालं तर एक पायरी खाली या, पहिल्यापासून नाही. मुलीसाठी हे आत्ता करू नका, आधी तिचे रिपोर्ट येऊ द्या.