आजीने घोडा कापायला लावला होता का? (एनफील्ड रिव्हॉल्व्हर, १९३६)

दौलतगंजची_नात

नमस्कार. मी ग्वाल्हेरची, लष्करमधली. लष्कर म्हणजे वस्ती, फौज नव्हे. बाहेरगावच्यांना हे दर वेळी सांगावं लागतं. फौजेत होते माझे आबा, म्हणजे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात पुरवठ्याच्या कामावर आधी इजिप्तला आणि मग इटलीत. परत येताना त्यांनी एक खरबरीत घोंगडी आणली, बिनदुधाच्या चहाची सवय आणली आणि एक रिव्हॉल्व्हर. "साहेबाने दिलं," एवढंच ते सांगत.

घरात चालत आलेली गोष्ट अशी: आजी लग्न होऊन आली आणि तिने पहिल्याच आठवड्यात बजावलं, या घरात ते तरी राहील नाहीतर मी तरी. आबांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी बाजारातल्या लोहाराकडून रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचं, म्हणजे मागून काडतुसावर आपटणाऱ्या तुकड्याचं, अंगठ्याने ओढायचं शेपूट कापून आणलं आणि तिच्यासमोर ठेवलं, "घे, मेलं हे." आजीने ही गोष्ट मला निदान पन्नासदा सांगितली असेल, आणि दर वेळी "मेलं हे" म्हणताना आबांसारखा आवाज काढायची.

बाबा भाद्रपदात गेले. परवाना त्यांच्या नावावर होता. तेराव्यानंतर कपाट आवरताना ते निघालं, तेव्हा हात न लावता बंदुकीच्या दुकानातल्या एका ओळखीच्या काकांना बोलावलं. त्यांनी अडकित्त्यासारखं मधून उघडून दाखवलं, सहाही घरं रिकामी. मग मी भिंग घेऊन बसले.

उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली 'एनफील्ड', 'नं. २', 'मार्क १' आणि त्याला चिकटून एक चांदणी. खाली १९३६. चांदणी बाकीच्या अक्षरांच्या ओळीत नाही, किंचित वर सरकलेली आणि जास्त खोल उमटलेली आहे. मूठ काळी, बॅकेलाइटची, अंगठ्यासाठी खळगा असलेली. उजवीकडे पितळेची गोल चकती, अगदी कोरी. मुठीच्या तळाला कडी. आणि जिथे तिथे तीन रेघांचा एक छोटा बाण, कोंबडीच्या पावलासारखा. आजी त्याला विष्णूचं गंध म्हणायची आणि त्यातल्या त्यात तेवढंच तिला आवडायचं.

घोड्याला शेपूट खरंच नाही. मागून गुळगुळीत आहे. माझा प्रश्न एवढाच: हे लोहाराचं काम वाटतं का? पुण्याचा भाऊ वेगळंच विचारतोय ("अँटिक आहे, लाखांत जाईल"), त्यालाही कुणी उत्तर दिलं तर बरं, माझं तो ऐकत नाही.

राजवाडा_रातपाळी

ग्वाल्हेर, मराठी घर आणि पिस्तूल. ताई, नंबर ६०६८२४ तर नाही ना? :)

दौलतगंजची_नात

वाटच पाहत होते. गांधीहत्येतलं ते बेरेटा होतं, इटालियन, एम १९३४ नमुन्याचं, आणि ते पिस्तूल होतं. त्यात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. हे रिव्हॉल्व्हर आहे, यात गोल फिरणारं चक्र असतं. १९४८ नंतर आमच्या आजीने "पिस्तूल" हा शब्दच घरात बंद केला होता, त्याचं कारण हेच असले विनोद. इंदूरच्या सराफ्यात जाऊन गराडू खा.

निवृत्त_आर्मरर_महू

ताई, तुम्ही हात न लावता जाणकाराला बोलावलंत हे उत्तम केलंत. निम्मे लोक आधी चाप ओढून बघतात आणि मग इथे विचारायला येतात.

आता घोडा. लोहाराला सोडून द्या, तो निर्दोष आहे. या रिव्हॉल्व्हरची गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धानंतर. तोवर इंग्रज फौजेकडे वेब्ली मार्क ६ होतं, .४५५ बोरचं (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), सहा इंची नळीचं, किलोभराच्या वर वजन. हातात घेतलं की मुसळ घेतल्यासारखं वाटतं. नव्या भरतीच्या माणसाला थोडक्या वेळात त्यावर हात बसवणं कठीण, म्हणून .३८ वर यायचं ठरलं. वेब्ली कंपनीने नमुना बनवून दिला. सरकारने तो नमुना एनफील्डच्या आपल्या कारखान्यात नेला, आतल्या यंत्रात फेरफार केले आणि 'आमचं डिझाइन' म्हणून १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत फौजेत आणलं. वेब्लीवाले कोर्टात गेले, २,२५० पौंड मागितले, हरले. पुढे शोधकांना बक्षीस देणाऱ्या शाही आयोगाने त्यांना १,२५० पौंड दिले. म्हणजे चोरी झाली नाही, पण भरपाई मिळाली! आम्ही वर्कशॉपमध्ये ही गोष्ट चहाबरोबर चघळायचो. पुढे लढाईत हत्यारं कमी पडली तेव्हा सरकार त्याच वेब्लीच्या दारात .३८ चं मार्क ४ मागायला गेलं. त्यांनी ते दिलं, पण घाईत पॉलिश राहून गेल्यामुळे अंगावर ठोकून दिलं, 'वॉर फिनिश'. आमची इज्जत यावरून मोजू नका, असा त्याचा अर्थ.

तुमच्याकडचं सुरुवातीचं, नं. २ मार्क १. १९३६ साली कारखान्यातून निघालं तेव्हा त्याला शेपूट होतं. अंगठ्याने घोडा मागे ओढून नेम धरता यायचा. मग रणगाडेवाल्यांची तक्रार आली: आत जागा नाही, उतरताना-चढताना घोड्याचं शेपूट कशातही अडकतं. म्हणून १९३८ मध्ये मार्क १* (चांदणीवालं) काढलं, शेपटाशिवाय. त्यात घोडा हाताने चढवायची सोयच ठेवली नाही. चाप ओढत नेला की घोडा आपोआप मागे जातो आणि सुटतो. चाप त्यामुळे जड लागतो, नेमबाज नाखूश. पण हुकूम तो हुकूम. एवढंच नाही, जुनी मार्क १ दुरुस्तीला आली की तीही तशीच करून पाठवायची, असं ठरलं.

तुमची तिरकी चांदणी म्हणजे त्या दुरुस्तीचा पुरावा. १९३६ चे छाप कारखान्यातले, एका ओळीत. चांदणी नंतर, दुसऱ्या हाताने, दुसऱ्या ठोक्याने. मूठही तेव्हाच बदलली असणार, कारण मार्क १ ला लाकडी यायची आणि अंगठ्याच्या खळग्याची बॅकेलाइट मूठ नंतरची. म्हणजे आजीबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. शेपूट कापलेलंच आहे, फक्त लोहार फौजेचा होता.

आणि एक सांगतो, राग मानू नका. शेपूट नसलं म्हणून ते 'मेलेलं' नाही. पूर्ण चालू हत्यार आहे ते. आबांना हे नक्की माहीत असणार.

चांदणी एकच आहे ना, की दोन? १९४२ मध्ये घाई वाढली तेव्हा मार्क १** (दोन चांदण्यांचं) काढलं, त्यात घोडा अडवून धरणारा सुरक्षेचा एक तुकडा वगळला होता. भरलेलं खाली पडलं तर सुटायची भीती. युद्ध संपल्यावर ती परत बोलावून बहुतेक पुन्हा मार्क १* करून टाकली.

दौलतगंजची_नात

काका, एकच चांदणी. तुमचं उत्तर दोनदा वाचलं. "आबांना हे नक्की माहीत असणार" या वाक्यावर थांबले होते. म्हणजे आजीला चाळीस वर्षं त्यांनी बनवलं. बाजारात गेले असतील, अख्खी दुपार कुणाकडे तरी पत्ते खेळले असतील आणि संध्याकाळी तेच कागदात गुंडाळून परत आणलं असेल. हे त्यांना शोभून दिसतं, खोटं नाही सांगत.

बाण आणि चकतीचं सांगाल का?

निवृत्त_आर्मरर_महू

बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. तोफेपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत इंग्रज सरकारने तो सगळीकडे ठोकला. मुकुट, खाली आकडा आणि इंग्रजी ई असा बारीक छाप दिसेल, तो एनफील्डच्या तपासनिसाचा. चक्राच्या घरांपाशी भिंग धरा, एकमेकांत अडकलेले दोन झेंडे दिसतील. जास्त भाराचं काडतूस उडवून घर फुटत नाही याची खात्री केल्याचा तो शिक्का. पितळी चकती पलटणीने आपली खूण कोरावी म्हणून दिलेली. पुष्कळदा कोरायला वेळच मिळायचा नाही. तुमची कोरी आहे यात विशेष काही नाही. चौकटीवरचा आणि चक्रावरचा नंबर जुळतो का तेवढं बघा.

महत्त्वाचं पुढे. सरकारने एखादं हत्यार रीतसर विकलं की दुसरा बाण पहिल्याच्या टोकाला टोक लावून ठोकत, दोन्ही मिळून चांदणीसारखं दिसतं. तसं कुठे आहे?

दौलतगंजची_नात

नंबर जुळतो. जोडबाण कुठेच नाही. सगळे एकेकटे.

निवृत्त_आर्मरर_महू

मग "साहेबाने दिलं" यातला साहेब मोठ्या मनाचा होता, एवढंच म्हणतो. सरकारचं त्याने परस्पर दिलं. अशी साहेबांची दानं महू-इंदुरात पुष्कळ घरांत आहेत.

सयाजीगंज_७

वडोद्याहून मध्येच विचारतो. मोठ्या मामांकडे .३८ च आहे पण ते मधून मोडत नाही, चक्र बाजूला येतं. रंग राखाडी, नंबरच्या आधी व्ही. हेही एनफील्ड का?

निवृत्त_आर्मरर_महू

नाही. ते अमेरिकन, स्मिथ अँड वेसन, व्हिक्टरी म्हणतात. व्ही त्याचाच. वर 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी' असेल. इंग्रजांना आणि त्यांच्या वसाहतींना अशी पाच लाखांवर दिली, नळी पाच इंची. नंबरच्या आधी व्ही आणि एस अशी दोन अक्षरं असली तर १९४४ नंतरची सुधारलेली जात. त्या साली एक रिव्हॉल्व्हर पडून सुटलं आणि एक खलाशी मेला, तेव्हा घोड्याची अडसर बदलली.

जिल्हा_न्यायालय_चहावाला

(नाव गमतीचं आहे, वकील आहे.) नातताई, खुणा झाल्या, आता कागद. परवाना वडिलांच्या नावावर होता, तो तुमचा होत नाही. वारसाने हत्यार घरात न ठेवता ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्यायची, १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ बघा. मग वारस म्हणून अर्ज. पण .३८ रिव्हॉल्व्हर आपल्याकडे प्रतिबंधित बोरमध्ये धरतात, म्हणून तर बाजारात लोक कानपूरचं .३२ घेतात. मामला जिल्ह्यात सुटणारा नाही, वेळ लागेल. आणि "अँटिक आहे, परवाना नको" असं भाऊ म्हणाले तर सांगा, ती सूट दुरुस्त करूनही चालू न होणाऱ्या हत्याराला आहे. काकांनी आताच सांगितलं की हे चालू आहे.

निवृत्त_आर्मरर_महू

आणि भावाला सांगा, अशी अडीच लाखांच्या वर बनली. लाखांत बनली, लाखांत जात नाही.

दौलतगंजची_नात

जमा करून आले. दुकानातले काका सोबत होते. ठाण्यात मुन्शीजींनी परवान्याशी नंबर ताडून पाहिला, रजिस्टर उघडलं, रिव्हॉल्व्हर उलटसुलट केलं आणि विचारलं, "इसका घोड़ा किसने काटा?" मी रणगाडे, १९३८, चांदणी सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांच्या मागे आणखी तीन जण उभे होते. पावतीवर त्यांनी लिहिलं: 'हैमर कटा हुआ'.

काकांनी खोडायला सांगू का म्हणून खूण केली. मी नको म्हटलं. घरी येऊन पावती आजीच्या फोटोमागे सरकवली.