हेडलाइटच्या काचेवरचा बाण, गोलातला ई आणि बारकोड: बाहेरचा सेट आपल्याकडे चालतो का?

दांडियाबाजारकर:
हॅचबॅकचा डावा हेडलाइट फुटला आहे. आतलं होल्डर आणि वायरिंग शाबूत, पण काच आणि रिफ्लेक्टर गेलं, त्यामुळे अख्खं युनिट बदलावं लागेल. दोन पर्याय समोर आहेत.

एक, बाजारातला ‘इम्पोर्टेड’ सेट. डब्यावर सीई छापलंय, बारकोड ६९ ने सुरू होतो. काचेवर गोलात ई आणि ४, त्याखाली एचसीआर आणि पीएल अशी अक्षरं. दुसरा, दुबईहून मामेभाऊ येतोय, तो तिथून याच मॉडेलचा दिवा आणेल. दुकानदाराला विचारलं तर ‘बधुं सरखुं ज छे’, म्हणजे सगळं सारखंच.

तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, इथे डाव्या. दिव्यात त्याने फरक पडतो का? आणि या खुणांपैकी भरवसा कुठल्या खुणेवर ठेवायचा? बारकोड ८९० चा असेल तर माल भारतीय, हे खरं का?

फोकस_डिपर:
सरखुं बिलकुल नाही. फरक डिपरमध्ये, म्हणजे खाली पडणाऱ्या जवळच्या झोतात आहे. अप्परचा झोत सरळ आणि दोन्हीकडे सारखा असतो, डिपरचा मुद्दाम तिरपा ठेवलेला असतो. भिंतीवर डिपर पाडलात तर वर अंधार, खाली उजेड आणि मधे स्पष्ट रेघ दिसते. समोरून येणाऱ्या गाडीच्या बाजूला ही रेघ आडवी आणि खाली राहते. रस्त्याच्या आपल्या कडेला ती साधारण १५ अंशांनी वर चढते, म्हणजे कडेचा सायकलवाला, गाय, मैलाचा दगड लांबून दिसतो. आपल्याकडे हा चढ डावीकडे हवा.

दुबईचा दिवा उजवीकडच्या वाहतुकीचा. त्याचा चढ उजवीकडे जातो, म्हणजे थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात, आणि आपली डावी कड अंधारात. वर-खालीचा स्क्रू फिरवून हे दुरुस्त होत नाही. दिवा खाली केला की उजेड कमी होतो, चढ तिथेच राहतो. फसगत इथेच होते, कारण बाहेरून दिवा हुबेहूब तोच असतो, बोल्टच्या जागा जुळतात, प्लगही बहुतेक वेळा बसतो. दुभाजकावर झाडी असलेल्या हायवेवर महिनोन् महिने काही लक्षात येत नाही. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मात्र समोरचा प्रत्येक जण तुम्हाला अप्पर मारत जातो.

ओळखायची खूण काचेवरच असते. ई-खुणेजवळ आडवा बाण शोधा. गाडीसमोर, दिव्याकडे तोंड करून उभे राहा. बाण तुमच्या उजव्या हाताकडे असेल तर दिवा फक्त डावीकडच्या वाहतुकीचा, म्हणजे आपला. (तुमची उजवी ती गाडीची डावी.) दोन्ही टोकांना डोकं असलेला बाण म्हणजे दोन्हीकडे चालणारा दिवा. त्यात आत पाती किंवा खटका असतो, तो डावीकडच्या स्थितीत आहे ना हे बसवण्याआधीच बघा. बाणच नसेल तर दिवा उजवीकडच्या वाहतुकीचा धरायचा. तुम्ही लिहिलेल्या अक्षरांत बाणाचा उल्लेख नाही, म्हणून दुकानातला सेट पुन्हा एकदा नीट पाहा. बाण लहान असतो, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरल्याशिवाय दिसत नाही.

बल्बला बाजू नसते. एच४ प्रकारचा बल्ब, ६०/५५ वॅट (अप्पर/डिपर), लंडनचा असो की बर्लिनचा, तोच. बाजू ठरवतात काच आणि रिफ्लेक्टर. प्रोजेक्टर असेल तर भिंगामागची पत्र्याची पट्टी.

जकातनाका:
खुणांचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

गोलातला ई आणि आकडा: गाड्यांच्या भागांबद्दलच्या १९५८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात असलेल्या देशांची ही मंजुरी. आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा. १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन, ४३ जपान. दिवा कुठे बनला, हे त्यातून कळत नाही. चीनमधला कारखाना नेदरलँड्सची मंजुरी घेऊ शकतो, आणि तो माल तितकाच कायदेशीर असतो. वाहतूक कुठल्या बाजूची, हेही आकड्यातून कळत नाही. ब्रिटनमध्ये गाड्या डावीकडून चालतात, म्हणून ई ११ म्हणजे आपला दिवा, असा तर्क ऐकायला मिळतो. चुकीचा आहे. ब्रिटन उजवीकडच्या दिव्यालाही मंजुरी देतं. बाजूसाठी फक्त बाण.

ई-खुणेखालची अक्षरं: एच म्हणजे हॅलोजन, सी म्हणजे डिपर, आर म्हणजे अप्पर, पीएल म्हणजे प्लास्टिकची काच. सी आणि आर यांच्यामधे तिरपी रेघ असेल तर डिपर आणि अप्पर एकत्र पेटवायचे नाहीत. शेजारचा मंजुरी क्रमांक पूर्ण असायला हवा. नुसता गोल आणि आत ई, पुढे काहीच नाही, ती नक्षी समजा.

सीई ही युरोपियन युनियनची खूण, बहुतेक मालावर उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. गाडीच्या हेडलाइटच्या झोताबद्दल ती काहीच सांगत नाही. ‘अक्षरं जवळ असतील तर चायना एक्स्पोर्ट’ ही व्हॉट्सअ‍ॅपवरची गोष्ट, अशी वेगळी खूण अस्तित्वात नाही. अक्षरांतलं अंतर चुकलं असेल तर खूण नियमाप्रमाणे काढलेली नाही, इतकाच अर्थ.

काचेवर डीओटी लिहिलं असेल तर तो अमेरिकन बाजाराचा दिवा. तिथे सरकार आधी मंजुरी देत नाही, उत्पादक स्वतः प्रमाणित करतो. तिथली वाहतूकही उजवीकडची, तेव्हा तो सोडूनच द्या.

बारकोडचे पहिले तीन आकडे नंबर देणारी संस्था कुठल्या देशातली, ते सांगतात. ८९० भारत, ६९० ते ६९९ चीन, ४५० ते ४५९ किंवा ४९० ते ४९९ जपान. भारतात नोंदलेली कंपनी बाहेरून माल आणून त्यावर ८९० लावू शकते. बारकोड बघून स्वदेशी-विदेशी ठरवू नका. त्यापेक्षा डब्यावरचं लेबल वाचा. आपल्या वजनमाप कायद्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे आयात केलेल्या पॅकबंद मालावर मूळ देश, आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी लागतं. हे लेबल नसेल तर वॉरंटी कोणाकडे मागणार?

‘मेड इन’ लिहायची सक्तीसुद्धा ग्राहकाच्या प्रेमापोटी आलेली नाही. ब्रिटनने १८८७ च्या कायद्याने परदेशी मालावर तसा शिक्का लावायला लावला, रोख जर्मन मालावर होता. पुढे ‘मेड इन जर्मनी’चीच किंमत वाढली, ते वेगळं.

आपल्याकडे आयएसआय टायर आणि हेल्मेटवर बघतो तशी हेडलाइटवर शोधत बसू नका. गाडीच्या दिव्यांना मंजुरी एआरएआय, आयकॅट अशा चाचणी संस्थांकडून मिळते आणि त्याचा क्रमांक सुट्या भागावर असतो. भारत १९५८ च्या करारात नाही, म्हणून भारताचा ई-आकडाही नाही. १९९८ च्या दुसऱ्या जागतिक करारात आपण आहोत, पण त्यात एकमेकांची मंजुरी मान्य करण्याचा भाग नाही.

दांडियाबाजारकर:
पुन्हा जाऊन पाहिलं. बाण नाही. दुबईचाही बेत रद्द. थायलंड किंवा जपानचा जुना पण अस्सल दिवा मिळाला तर? आणि पट्टी चिकटवून उजवीकडचा चढ झाकता येतो असं एकजण म्हणाला.

फोकस_डिपर:
जपान, थायलंड, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन, सगळे डावीकडचे, तेव्हा झोत जुळेल. पण मॉडेल तेच असलं तरी होल्डर किंवा लेव्हलिंग मोटरचा (झोत वर-खाली करणाऱ्या मोटरचा) प्लग वेगळा निघू शकतो. प्लग हातात धरून पिना मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. ब्रह्मदेशाची गाडी बघून फसू नका. तिथे १९७० पासून वाहतूक उजवीकडून चालते, पण बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग अजून उजवीकडे आहे. म्हणजे स्टिअरिंगवरून दिव्याची बाजू ठरवायची नाही.

पट्टी ब्रिटनमधले लोक फ्रान्सला गाडी नेताना लावतात. ती फक्त समोरच्याच्या डोळ्यात जाणारा भाग झाकते, आपल्या कडेला उजेड वाढवत नाही. कायमचा उपाय नाही. प्लास्टिकच्या काचेवर मे महिन्यातल्या उन्हात गोंद भाजून बसतो आणि नंतर निघत नाही.

नवा दिवा बसवल्यावर भिंतीवर तपासा. वाडीतल्या पोळात, म्हणजे अरुंद गल्लीत, जागा मिळणार नाही, एखाद्या मोठ्या इमारतीचं तळघरातलं पार्किंग चांगलं. सपाट फरशी, भिंतीपासून दिवा बरोबर १० मीटर. टायरमध्ये दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस, डिकी रिकामी, लेव्हलिंगची चकती शून्यावर. दोन्ही दिव्यांच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर टेपने खुणा करा, मग त्यांच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली दुसरी रेघ मारा. एका दिव्यावर टॉवेल टाका, पण दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नको, प्लास्टिकची काच तापते. आडवी रेघ खालच्या टेपवर यायला हवी आणि चढ दिव्याच्या मध्याच्या उभ्या खुणेपासून डावीकडे सुरू व्हायला हवा. आधी उंचीचा स्क्रू, मग आडवा. ५ मीटरच मिळाले तर सगळं निम्मं, ५ ते ७.५ सेंटिमीटर. चढ उजवीकडे दिसला तर स्क्रूला हात लावू नका, दिवा परत करा.

आणि ‘उजेड कमी पडतो’ म्हणून १००/९० वॅटचा बल्ब घालू नका. ५५ वॅटला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट, ९० ला साडेसात. मूळ प्लग पिवळा पडून वितळतो, रिफ्लेक्टरचा चकाकता थर जळतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालण्याचंही तसंच: चिप फिलामेंटच्या जागी बरोबर आली नाही तर ती स्पष्ट रेघच नाहीशी होते.

मांडवी_मेकॅनिकल:
एक भर. बाजू असलेला भाग हेडलाइट एकटाच नाही. मागचा धुक्याचा लाल दिवा एकच असेल तर तो नियमाने आपल्याकडे गाडीच्या उजव्या अंगाला येतो. उजवीकडच्या देशाच्या टेललाइट सेटमध्ये तो डावीकडे असतो, आणि त्या जागी आपल्या वायरिंगमध्ये रिव्हर्सची तार येते. वायपरचे हातही ड्रायव्हरच्या बाजूची काच जास्त पुसतील असे बसवलेले असतात, उलट सेट घातला तर पावसाळ्यात नेमका डोळ्यांसमोरचा कोपरा ओला राहतो. पुढचे फॉग लॅम्प सममित, ते कुठलेही चालतात.

रेसकोर्स_सर्कल:
बाइकच्या हेडलाइटवरही बाण नाही. म्हणजे तोही उजवीकडचा?

फोकस_डिपर:
नाही. बहुतेक बाइकचा डिपर सममित असतो, भिंतीवर रेघ आडवी आणि चढ नाहीच. एचएस१ बल्बचा, ३५/३५ वॅटचा दिवा असेल तर बाण न दिसणं साहजिक आहे. बाण नाही म्हणजे उजवीकडचा, हा नियम फक्त तिरप्या डिपरच्या दिव्याला. शंका आली तर भिंतीवर पाडून बघा, चढ दिसला तरच बाजूचा प्रश्न.